थोरल्या आईच्या घरचं पाणी

आमच्या घरची सकाळ आई शेळीला झापायला लागली की सुरू व्हायची. "चंद्रे, लाज न्हाय वाटत? दुसऱ्याच्या दारात केर लोटून वर नाक उडवत चाललीस?" शेळीनं केर लोटलेला नसे, हे आईला ठाऊक होतं, बहुधा शेळीलाही ठाऊक होतं, आणि भिंतीपलीकडं चुलीशी बसलेल्या थोरल्या आईला तर पुरतं ठाऊक होतं. थोरल्या आईकडं शेळी नव्हती. ती तव्यावरच्या भाकरीशी बोलायची. "करपलीस व्हय? करप बाई. काहीजणांचा जीव असाच करपतो दुसऱ्याचं बरं बघून." मग इकडून आई पाटीवर, पाटीवरून कोंबडीवर, कोंबडीवरून पुन्हा शेळीवर. तासभर हे चालायचं. भाकरी थापल्याचे दोन्हीकडचे आवाज त्या बोलण्याच्या तालात पडत असत, आणि मी अंगणाच्या मधोमध दात घासत दोन्ही बाजूंचं ऐकत उभी राहायची. नाटकाला तिकीट नव्हतं आणि जागा पहिल्या रांगेतली.

थोरली आई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, आप्पांची बायको. आईची थोरली जाऊ. लोहाऱ्यापासून जीपनं थोडं आत गेलं की आमचं गाव. तिथं वाटणी झाली तेव्हा घराच्या मधून भिंत घातली, पण अंगण दोघांचं एकच राहिलं. या दोघींचा अबोला आणि माझं वय एकच. मी झाले तेव्हा दादांनी, म्हणजे वडलांनी, हौसेनं गावात गूळ वाटला. आडावर पाणी शेंदताना थोरली आई म्हणाली, "पोरगीच झाली की. तिचा एवढा काय गाजावाजा?" ते बोलणं कुणीतरी बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आणून पोचवलं. अशी पोचवणारी माणसं प्रत्येक गावात असतात आणि दीर्घायुषी असतात. आई त्या दिवसापासून जावेशी शब्द बोलली नाही. जाऊही बोलली नाही. गंमत म्हणजे दोघे भाऊ मात्र रोज संध्याकाळी गोठ्याच्या ओट्यावर बसून पिकापाण्याचं बोलायचे, आणि मी तर दोन्ही घरांत जेवायची. थोरल्या आईला मूलबाळ नव्हतं. तिच्या हातची येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची आमटी आणि चुरलेली भाकरी मी आईच्या डोळ्यांदेखत खाऊन यायची. "कुठं गेलतीस?" असं आई विचारायची नाही. फक्त "काय होतं?" असं विचारायची, आणि आमटी होती म्हटलं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडंही येसराची आमटी व्हायची.

परवा माझी नात फुरंगटून बसली होती. मैत्रिणीला मोबाइलवर ब्लॉक केलंय म्हणाली. मी म्हटलं, बाई, तुझं फारच सोपं आहे. एका अंगणात, एका आडावर, रोज समोरासमोर येऊन ब्लॉक करायला खरी छाती लागते.

दादा आधी विश्वासात आले, म्हणजे येशूला मानायला लागले. शेतातल्या बाभळीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता आणि ते बरेच दिवस दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवरचा एक म्हातारा त्यांना येशूच्या गोष्टी वाचून दाखवायचा. दादा घरी आले ते जरासे लंगडत आणि खिशात बायबलातला नवा करार घेऊन. बिडी सुटलेली. गावात आधीपासून दोन-तीन ख्रिस्ती घरं होती. त्यांच्यात दर रविवारी उपासना व्हायची, तिथं दादा जायला लागले. आई नुसतं गाणं ऐकायला गेली. तिचा गळा गोड होता. शेळीवर ओरडून ओरडूनही तो बिघडला नव्हता हे आश्चर्यच. ढोलकी, टाळ आणि भजनं, हे तिला तिच्या माहेरचं वाटलं. पण नंतर ती ऐकायलाही लागली. मी तिच्या मांडीला टेकून बसलेली असायची, तेव्हा माझ्या लक्षात यायचं की गाणं संपून बायबलातलं वचन सुरू झालं की आईचा श्वास हळू होतो. हिवाळ्याच्या तोंडावर एकदा ज्वारी निवडता निवडता ती दादांना म्हणाली, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय. आन तो पुरा. एक पाय हिकडं, एक पाय तिकडं, असलं मला जमणार न्हाय."

दादांना एवढा आनंद झाला की ते आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं शेळीलाच जाऊन सांगून आले.

आमचे पाळकसाहेब, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे पाद्री, मुरूमकडून एस.टी.नं महिन्यातून एकदा यायचे. बारीक अंगाचा, खोकणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांची एक रीत होती. ती इतर कुठल्या मंडळीत मी पाहिली नाही. बाप्तिस्मा मागणाऱ्याला ते फार प्रश्न विचारत नसत. एकच विचारत, "गावात कुणाशी बोलणं बंद आहे का?" आणि असलं तर म्हणत, "मग आधी त्या घरचं पाणी पिऊन या. नंतर तलावाच्या पाण्यात उतरू." प्यायचं ते मागून प्यायचं, आणि त्या माणसाच्या हातून. बस. एवढीच अट.

आईला त्यांनी हे विचारलं तेव्हा मंडळीतल्या बाया एकमेकींकडं बघून पदराआड हसल्या, कारण सगळ्या गावाला माहीत होतं. आई खाली बघत म्हणाली, "साहेब, दुसरं काय बी सांगा. उपास करते. तंबाखूची मिसरी सोडते." पाळकसाहेब म्हणाले, "मिसरी सोडाच. पण पाणी पिऊन या."

आईनं मिसरी त्याच दिवशी सोडली. तेवढ्यावर भागेल अशी तिची आशा असावी. शेळीवर ओरडणंही सोडलं, कारण ते विश्वासणाऱ्या बाईला शोभत नाही असं तिनं स्वतःच ठरवलं. पहिले दोन दिवस अंगण असं गप्प होतं की चंद्री बावचळून इकडंतिकडं बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आई भिंतीला लागून गुडघे टेकून बसली, डोळे मिटले, आणि खड्या आवाजात प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, काही लोकं आपल्या दारातला केर दुसऱ्याच्या दारात लोटत्यात, त्यांस्नी सद्बुद्धी दे. हे प्रभू, तू बघतोस, म्या त्यांस्नी माफ केलंय. त्यांच्या मनात किती बी काळं असू दे, म्या माफ केलंय." हे रोज सुरू झालं. प्रार्थना लांबत चालली. तिच्यात आडावरचं बोलणं आलं, वाटणीत गेलेली पितळी घागर आली, नणंदेच्या लग्नातल्या मानाच्या लुगड्याचं आलं. दरवेळी शेवटी माफी असायची, आणि माफी आली की आवाज आणखी चढायचा.

चार-पाच दिवस भिंतीपलीकडं भाकरी थापल्याचाच आवाज येत राहिला. मग एका सकाळी आईचं "आमेन" होतं न होतं तोच तिकडून थोरल्या आईनं हात जोडल्याच्या सुरात आवाज काढला. "आई तुळजाभवानी, ऐकलंस का गं? लोकांनी देव सोडला. तोंड मातुर न्हाय सोडलं!"

आई गुडघ्यावरच वळली आणि दादांकडं बघितलं. दादा दाराशी बसून वहाणेचा अंगठा शिवत होते. त्यांनी आईची बाजू घेऊन काहीतरी बोलावं, निदान कपाळाला आठ्या घालाव्यात, अशी तिची अपेक्षा होती. दादा मान वर न करता म्हणाले, "खरं बोलली की वहिनी. आदी तू शेळीला मधी घालून बोलायचीस. आता देवाला घातलंस मधी. त्या देवाला तरी शेळी करू नगंस, शेवंते."

मला हसू आलं आणि मी ते पदरात, म्हणजे माझ्याकडं पदर नव्हता, झग्यात दाबलं. पण आई हसली नाही आणि चिडलीही नाही. तिचा चेहरा एकदम उतरला. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कणगीच्या मागं बसून राहिली. दुपारी भाकरी मी केल्या. त्या कशा झाल्या असतील ते सांगत नाही. मी तिला बोलवायला गेले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "का रडलालीस, आई?" मी विचारलं. ती म्हणाली, "सुमे, म्या देवाला काय बी दिलंच न्हाय गं. नुसतं त्याचं नाव घेऊन भांडलालते." तिला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार भीती वाटली. आता कळतं की त्या दिवशी तिच्यात जे झालं ते तलावाच्या पाण्यात व्हायचं होतं त्याहून मोठं होतं. तलाव नंतरचा.

त्यानंतर आई ओठ मिटून प्रार्थना करायला शिकली. शिकली म्हणते, कारण तिला ते अजिबात येत नव्हतं. ओठ मिटले तरी भुवया भांडायच्या. सकाळी केर दिसला की तिचा हात झाडूवर घट्ट व्हायचा, तोंड उघडायचं, मग ती पदराचा बोळा तोंडात धरायची आणि दोघींच्या दारातला केर एकत्र भरून उकिरड्यावर टाकून यायची. कधी घसरायचीही. एकदा कोंबडीला "सटवे" म्हणून गेली, आणि लगेच वर बघून, "हे त्या कोंबडीलाच म्हणले बरं का," असं देवाला स्पष्टीकरण दिलं. रात्री दादांच्या पायाला तेल लावताना म्हणायची, "माझ्यानं व्हत न्हाय हो. रोज म्हणते, तूच कर, तूच कर." दादा म्हणायचे, "मग तोच करलालाय. तुला दिसत न्हाय, आमाला दिसतंय." आमच्या मंडळीत साक्ष देताना लोक मोठमोठ्या चमत्कारांचं सांगतात. मी उभी राहून माझ्या आईच्या तोंडाचं सांगते तेव्हा तरुण पोरं हसतात. हसू देत. त्यांनी ते तोंड आधी ऐकलेलं नाही.

सगळ्यात जास्त बेचैन झाली ती थोरली आई. तिच्या भाकरीशी बोलण्यालाही जोर राहिला नाही. समोरून कुणी उत्तरच देत नसेल तर एकटीनं किती बोलणार? एक दिवस मला आमटी वाढता वाढता तिनं विचारलं, "सुमे, तुझी माय आजारी हाय का गं?" मी म्हटलं, "न्हाय. ती बदललालीय." थोरल्या आईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "असं एकाएकी बदललं की मला भ्या वाटतं."

येळवस जवळ आली होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गाव ओस पडतं आणि सगळे रानात कडब्याच्या कोपीभोवती बसून भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील जेवतात. घराघरांत भज्जीसाठी पावटे, तुरी, हरभरे सोलणं चाललं होतं. अशा एका सकाळी आई न्हाली, डोईवर पदर घेतला आणि अंगण ओलांडून थोरल्या आईच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. निघताना दादा हळूच म्हणाले होते, "नुसतं पाणी माग. बाप्तिस्म्याचं कशाला सांगतीस? उगं नाट लागंल." आई म्हणाली, "चोरून पाणी प्यायचं असतं तर घरात रांजण हाय की." मी तिच्या मागं मागं गेले.

थोरली आई शेंगा सोलत होती. आई म्हणाली, "जाऊबाई." माझ्या उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "जाऊबाई, म्या तुमाला लई बोलले. शेळीला बोलले ते बी तुमालाच, आन देवाला बोलले ते बी तुमालाच. माझं चुकलं. मला बाप्तिस्मा घ्यायचाय, आन त्याच्या आदी तुमच्या हातचं पाणी पिऊन ये म्हणून सांगितलंय. पर त्यांनी सांगितलं नसतं तरी आता म्या आले असते. पाणी देताव का?"

थोरल्या आईचे हात थांबले. तिनं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग परत आईकडं. "म्हंजे म्या पाणी दिलं की तू जाणार?"

"कुठं जाणार? भिंत हीच, अंगण हेच."

"जाणारच की. देव वेगळा केलास, आता राहिलं काय? सणवारात एकटी म्या." तिनं पदर डोळ्यांना लावला. "बोलत नव्हतो तरी एका घरच्या होतो, शेवंते. तू शेळीला बोलायचीस तर वाटायचं, हाय कुणीतरी पलीकडं. न्हाय. म्या पाणी देणार न्हाय. माझ्या हातानं तुला घालवणार न्हाय."

आईनं डोईवरचा पदर सावरला. मला वाटलं, आता हिचं जुनं तोंड उघडणार, आणि मी डोळे मिटून घेतले. आई म्हणाली, "बरं. तुमचा हक हाय." आणि आली परत.

पाळकसाहेब आले त्या रविवारी तलावावर जायची तयारी झाली होती. मंडळीतल्या बायांनी आईसाठी पांढरं लुगडं आणून ठेवलं होतं. आई सगळ्यांसमोर उभी राहिली. "पाणी मागितलं. मिळालं न्हाय. त्यांचा दोष न्हाय, त्या दुखावल्यात. म्या थांबते." एक-दोघे म्हणाले की मागितलं ना, मग झालं. पाळकसाहेबही खोकत म्हणाले, "बाई, तुमच्याकडून झालं आहे. आता हरकत नाही." आई म्हणाली, "साहेब, हरकत माझी हाय. तिला रडत ठेवून म्या पाण्यात उतरले तर माझं मन घरीच राहील. पुरं द्यायचं म्हणले ना म्या?" त्या दिवशी उपासना झाली, भजनं झाली, आईनं सगळ्यांत मोठ्यानं म्हटली, आणि आम्ही घरी आलो. पांढरं लुगडं घडी न मोडता परत गेलं.

अंगणात शिरलो तर थोरली आई आपल्या दारातच उभी होती. कान देऊन वाट बघत असावी. आईचं लुगडं कोरडं, केस कोरडे. थोरल्या आईनं मला खुणेनं बोलावलं. "का गं? झालं न्हाय?"

"तुमी पाणी दिलं न्हाय म्हणून."

"आन मग ती साहेबाला काय म्हणली? थोरलीनं अडवलं म्हणली असंल."

"न्हाय. तुमचा दोष न्हाय म्हणली. तुमी दुखावल्या म्हणून म्या थांबते म्हणली."

थोरल्या आईचा चेहरा रागानं लाल झाला; राग कुणावर हे मला कळेना. ती आत गेली, भांड्यांचा खणखणाट झाला, आणि ती तांब्या घेऊन बाहेर आली ती तडक आमच्या उंबऱ्यावर. "शेवंते! भाईर ये." आई आली. थोरली आई म्हणाली, आणि ते ती एका दमात म्हणाली, "पोरगीच झाली म्हणले होते म्या. मला ती बी नव्हती. म्हणून जळून बोलले. तुला कुणी सांगितलं ते खरं सांगितलं. आता घे, पी. आन कुठं जायचं तिकडं जा. पर येळवशीला माझ्यासंग रानात यायचं. पूजेला नगं बसू, भज्जी मातुर तूच घोटायची. तुझा हात चांगलाय, मेले."

आई पाणी प्यायली. अर्धं तिच्या गळ्यावरून, चोळीवरून खाली गेलं, कारण ती रडत होती आणि पीत होती. मीही रडले. त्या वयात मला एवढंच कळलं होतं की माझ्या जन्मावरून सुरू झालेलं काहीतरी संपलं, आणि माझ्या छातीवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं. येळवशीला आम्ही सगळे एका कोपीत जेवलो. थोरली आई कोपीत मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांची पूजा करत होती तेव्हा आई जरा लांब बांधावर जाऊन उभी राहिली, आणि आरती संपल्यावर हात धुऊन भज्जी वाढायला बसली. कुणाला काही वाटलं नाही. वाटलं असलं तर आंबील पिऊन विसरले.

पुढच्या महिन्यात आईचा बाप्तिस्मा झाला. पाझर तलावाचं पाणी एवढं गार होतं की पाळकसाहेबांचा खोकला काठावरच सुरू झाला. थोरली आई आली होती. "नुसतं बघाया आले," असं ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती. ती मंडळीपासून वेगळी, वर बांधावर बसली. कपाळाला मळवट, हातात कोरडं लुगडं आणि उबदार वाकळ. आई पांढऱ्या लुगड्यात पाळकसाहेबांसोबत कमरेभर पाण्यात उभी राहिली. पाळकसाहेबांनी विचारलं, "ही बाई आपलं जुनं जिणं सोडून प्रभूची होत आहे. हिच्या जिण्यात बदल झाला, याची साक्ष द्यायला कोण उभं राहील?" हे नेहमी मंडळीतला वडील माणूस करायचा, त्या दिवशीही एक आजोबा काठी टेकत उठायला लागले होते.

तेवढ्यात वरून आवाज आला, "म्या हाय की."

सगळ्यांनी माना वळवल्या. थोरली आई वाकळ काखेत मारून बांधावरून तरातरा उतरत होती. पाळकसाहेब गोंधळले. "बाई, साक्षीला मंडळीतलं माणूस लागतं."

"मंडळीतल्या माणसाला काय ठाव?" थोरली आई पाण्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. "भिंतीपलीकडं म्या राहते. ती बदललीय. म्या सांगते. आता लवकर करा काय करायचं ते, बाई कुडकुडलीय."

पाळकसाहेबांनी एकदा तिच्या मळवटाकडं पाहिलं, एकदा आईकडं पाहिलं. मग त्यांनी होकाराची मान डोलावली आणि आईच्या डोक्यावर हात ठेवला.